कोरडं बारदान

थंडीनं मेंढरू सहसा मरत नाही. दख्खनच्या पठारावर डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तरी अंगावर लोकर आणि पोटात चारा असलेली मेंढी उघड्या रानात निवांत रवंथ करत बसलेली दिसते. तिच्या अंगाचं तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ते टिकवणारी चूल तिच्या कोटीपोटात असते. तिथं कडबा रात्रभर आंबत राहतो आणि ऊब देत राहतो. मेंढी मरते ती भिजणं, वारा आणि रिकामं पोट ही तिन्ही एकाच रात्री एकत्र आली की. यातलं एखादं ती सोसते, दोनही कशीबशी सोसते. तिन्ही आली तर पहाटेपर्यंत कळपातली निम्मी जनावरं आडवी झालेली मी पाहिली आहेत.

मी जनावरांची डॉक्टर आहे. माझं लहानपण हैदराबादच्या बेगम बाजारात गेलं. फीलखान्याच्या बाजूच्या गल्लीत आमचं बारदानाचं दुकान होतं. साखरेची, तांदळाची, चिंचेची रिकामी तागाची पोती विकत घ्यायची, झटकून वाळवायची, फाटलेली शिवायची आणि पुन्हा विकायची. हा धंदा आजोबांनी नांदेडहून येऊन सुरू केला, वडिलांनी पुढं चालवला. निजाम अली खानांच्या हमदा बेगमनं व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर ही पेठ उभी राहिली, असा तिचा इतिहास सांगतात. आज बेगम बाजार म्हटलं की लोकांना भांडी, सुकामेवा, मिरची आणि घाऊक मालाची गर्दी आठवते. मला मात्र दुकानं बंद झाल्यावरचा बाजार जास्त आठवतो. शटर खाली आली की छत्रीच्या चौकाकडून वरातीच्या घोड्या परतायच्या. त्यांचे मालक आमच्या गल्लीत थांबून फाटकी पोती मागून घ्यायचे. घोडीचं अंग पुसायला ताग लागतो, हे मी शाळेत जायच्या वयात त्यांच्याकडूनच शिकले. पुढं राजेंद्रनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तेच पुस्तकातून शिकले.

२०२१ च्या हिवाळ्यात मी पारनेर-जुन्नर भागात होते. तिथं मेंढपाळांबरोबर काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी नोकरी करत होते. त्या पट्ट्यातले धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणाकडे जातात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात; लेंड्या-मुताचं खत शेतकऱ्याला, धान्य किंवा पैसा मेंढपाळाला. एका वाड्यात चार-सहा बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाडाचं सगळं घर एक-दोन तट्टांच्या पाठीवर: भांडी, वाकळा, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्या, कोंबड्या, आणि वरती बसलेलं एखादं पोर. चालू न शकणारी नवी कोकरं तट्टाच्या दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत. या तट्टांकडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अलीकडे भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली, तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण ती जात भटक्या मेंढपाळांच्या दावणीलाच टिकून राहिली आहे.

१ डिसेंबरला दुपारपासून पाऊस लागला तो थांबेना. अमावास्या जवळ आलेली, रात्र काळीकुट्ट. बऱ्याच कळपांची कातरण दिवाळीच्या आगेमागे झालेली होती. म्हणजे लोकर नुकती फुटू लागलेली, बोटभरसुद्धा नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत त्या दोन दिवसांत मेलेल्या मेंढ्यांची संख्या हजारांत गेली. वर्तमानपत्रांनी ‘गारठ्याने मेंढ्यांचा मृत्यू’ असे मथळे दिले. गारठा होताच. पण मी ज्या वाड्यावर होते तिथं वारा वेगळंच काम करत होता. भिजलेल्या केसांमधली हवा निघून जाते, कातडीला पाणी चिकटतं आणि वारा ते पाणी उडवत राहतो. उडणारं पाणी अंगातली ऊब घेऊन जातं. दिवसभर पावसामुळं कळप हलला नव्हता, म्हणून पोटं रिकामी. काळ्या रानात घोट्याच्या वर चिखल, त्यामुळं बसायला कोरडी जागा नाही. मेंढ्या एकमेकींत घुसत वाघरीच्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या आणि तळाची कोकरं गुदमरू लागली.

अशा वेळी डॉक्टर म्हणून हाती येतं ते काम औषधाचं कमी आणि हमालीचं जास्त असतं. आधी ढीग फोडायचा. आडव्या पडलेल्या मेंढीला पायांवर उभं करायच्या नादाला लागायचं नाही. तिला छातीवर बसती करायची, दोन्ही बाजूंनी आधार द्यायचा, नाहीतर कुशीवर पडून पोट फुगतं आणि ती त्यानंच जाते. मग पुसायचं, उलट्या केसांनी, जोरात, कातडी लाल होईपर्यंत. गिळता येत असेल तरच कोमट गूळपाणी. मान टाकलेल्या मेंढीच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात उतरतं, आणि रात्रीतून वाचलेली मेंढी आठवड्यानं न्यूमोनियानं मरते. एक मावशी तिच्या गाभण मेंढीला घोंगडीत गुंडाळून मांडीशी धरून बसली होती. ती मला म्हणाली, ‘‘ताई, हिला सुई नगा टोचू, कोरडं कायतरी द्या.’’ माझ्या पेटीत सलाइन होतं, प्रतिजैविकं होती, जंताचं औषध होतं. कोरडं काही नव्हतं.

कोकरांचा हिशेब वेगळा. जन्मून पाच तासही न झालेल्या कोकराच्या अंगात थोडी खास चरबी असते, ती जाळून ते तग धरतं. त्याला पुसून, ऊब देऊन लगेच चीक पाजला की झालं. वजनाच्या दर किलोला ५० मिलिलिटर, चोखता येत नसेल तर नळीनं. पाच तासांपेक्षा मोठं कोकरू असेल आणि तापमान ३७ च्या खाली असेल, तर त्याला शेकोटीजवळ नेणं हीच चूक ठरते. त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. अंग गरम झालं की मेंदू साखर मागतो, ती मिळत नाही, आणि कोकरू झटके येऊन मरतं. म्हणून आधी वीस टक्क्यांचं कोमट ग्लुकोज, दर किलोला १० मिलिलिटर, बेंबीच्या बाजूला पोटात टोचायचं, मग ऊब. हे मेंढपाळांना शिकवता येतं. त्या वाड्यातल्या एका शाळकरी पोरीनं बॅटरीच्या उजेडात थर्मामीटर वाचायचं काम इतकं नेटानं केलं की शेवटी कुठलं कोकरू आधी घ्यायचं हे तीच सांगत होती.

तट्टांचं काय झालं? ती वाचली. घोड्याच्या अंगाला हिवाळ्यात दाट केस येतात, ते उभे राहून हवा धरतात. शिवाय मोठं जनावर भिजलं तरी हळू गार पडतं. पण खरं कारण एका म्हाताऱ्या आबांनी केलेली गोष्ट होती. पाऊस लागताच त्यांनी तट्टांचे पायबंद सोडून टाकले. पोरं ओरडली, ‘‘आबा, पळून जातील.’’ आबा म्हणाले, ‘‘एवढ्या पावसात कुठं जातंय ते? त्याला त्याची पाठ फिरवू दे.’’ मोकळं तट्टू वाऱ्याकडं ढुंगण करतं, शेपूट दाबून धरतं, मान खाली घालतं आणि तासन्‌तास तसंच उभं राहतं. बांधलेल्या तट्टाला ही सोय नाही. वारा फिरला की पाणी त्याच्या तोंडावर, छातीवर, पोटाखाली. रात्री दोनच्या सुमाराला त्याच तट्टांवर झोळ्या टाकून आम्ही कोकरं गावाकडं नेली. ओल्या पाठीवर खोगीर टाकलं की पाठ लागते, जखम महिनाभर भरत नाही आणि बिऱ्हाड चालायचं थांबतं. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी आपल्या अंगावरची घोंगडी काढून आधी तट्टाची पाठ पुसली.

गावात एका धान्य व्यापाऱ्याचं गोदाम होतं. त्यानं फाटक उघडलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण त्या रात्री सगळीकडं फाटकं उघडली नाहीत. जवळच्याच एका मोठ्या आवारात पत्र्याच्या शेड रिकाम्या होत्या, पण चावी असलेला माणूस वरच्या परवानगीसाठी थांबून राहिला. व्यापाऱ्यानं मात्र गोदामाच्या ओसरीत मेंढरं घेतली आणि कोपऱ्यातली बारदानाची थप्पी आमच्यापुढं ओढली. ती तागाची पोती हातात घेताच मला आमच्या दुकानाचा वास आला. ताग पाणी ओढून घेतो आणि तरी त्यातून हवा जाते. प्लास्टिकची पोती अंगावर टाकली तर आतला ओलावा तसाच राहतो. आम्ही पोतं पुसायला घेतलं, भिजलं की टाकून दुसरं घेतलं. उजाडेपर्यंत ती थप्पी संपली. ओसरीत आलेल्या मेंढ्यांपैकी बहुतेक वाचल्या. रानात राहिलेल्यांपैकी बहुतेक गेल्या. इतक्या जवळजवळच्या दोन जागांमध्ये एवढा फरक पडला, आणि तो फरक छप्पर, कोरडी जमीन आणि पोत्यांचा होता.

वडील थकल्यावर मी हैदराबादला परतले. दुकान भावानं घेतलं, मी त्याच्याच वरच्या माळ्यावर दवाखाना थाटला. इथं माझ्याकडं येणारी जनावरं म्हणजे कुत्री, मांजरं, धूळपेठेतल्या म्हशी, आणि वरातीच्या घोड्या. मेंढ्यांसाठी जियागुड्याला जावं लागतं. मुसीच्या काठची ती मंडी पहाटे भरते. तेलंगणाच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातून, महाराष्ट्रातून ट्रक येतात.

२०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं. ५ डिसेंबरला ते आंध्रच्या बापटला किनाऱ्याजवळ जमिनीवर चढलं. तेलंगणा विधानसभेचा निकाल दोनच दिवसांपूर्वी लागलेला, त्यामुळं शहरात सगळी चर्चा नव्या सरकारची. इथं वादळ म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. गार वारा आणि सततची बारीक रिपरिप, एवढंच. पण लग्नसराईचे दिवस होते. डिसेंबरच्या मध्याला धनुर्मास लागला की लग्नं थांबतात, म्हणून त्याआधीच्या पंधरवड्यात घोडीवाल्यांना उसंत नसते. एक घोडी संध्याकाळी एका वरातीत, रात्री दुसऱ्या. अंगावर जरीची मखमली झूल, ती भिजली की ओल्या गादीसारखी जड. नाचगाण्यात घोडीला घाम येतो, मग नवरदेव उतरला की ती तशीच रस्त्याच्या कडेला उभी. घाम, पाऊस, थांबणं.

रात्री एकच्या पुढं एक घोडीवाले चाचा जिना चढून आले. ‘‘डॉक्टर मॅडम, घोडी पानी नै पी री. दाना भी नक्को बोल री.’’ खाली जाऊन पाहिलं तर घोडी अंग आखडून उभी, पुढच्या पायानं जमीन उकरत होती, अधूनमधून वळून कुशीकडं बघत होती. कान लावला तर उजव्या कुशीत आवाज जवळपास नाही. नाडी ६० च्या आसपास. निवांत घोड्याची ४० च्या आतबाहेर असते. पोटशूळ. गार हवेत घोडं पाणी कमी पितं, आतलं खाद्य घट्ट होतं, अडकतं. त्यात चाचांनी घोडी दमली म्हणून प्रेमानं भिजवलेल्या हरभऱ्यांचं मोठं घमेलं आणि गुळाचा खडा तिच्यापुढं ठेवला होता. प्रत्येक घोडीवाला हेच करतो. जनावर गार पडलं तर त्याला दाणे द्यावेसे वाटतात, पण घोड्याला ऊब देतो तो चारा. वाळलं गवत, कडबा त्याच्या मोठ्या आतड्यात हळूहळू आंबतो आणि बराच वेळ ऊब देतो. दाणा चटकन आंबतो, वायू करतो, आणि जास्त झाला तर खुरांपर्यंत सूज उतरवतो.

झूल काढली. हातानंच पाणी निथळलं. भावाला उठवून दुकानातली पोती खाली मागवली. चाचा, त्यांचा मुलगा आणि मी, तिघांनी तिला पुसलं: मानेपासून मागं, मग पोटाखाली, मग पायांच्या आतल्या बाजूनं, जिथं पाणी सगळ्यात जास्त साचतं. ओल्या अंगावर ब्लँकेट टाकायचं नाही, हे मी चाचांना समजावायला लागले तर ते म्हणाले, ‘‘हौ, मालूम. मेरे अब्बा पैले घास डालते थे पीठ पे, उसके ऊपर कंबल.’’ जुन्या लोकांची ही रीत बरोबर आहे. पाठीवर गवताचा थर, त्यावर पोतं. मधल्या पोकळीतून वाफ निघून जाते आणि अंग वाळतं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून कोमट मीठपाणी आणि तेल पोटात सोडलं. मग चालवणं. गल्लीत पाणी साचलेलं, म्हणून मिरचीच्या एका बंद गोदामापुढच्या लांब पडवीत तिला इकडून तिकडं फिरवत राहिलो. चौकीदारानं मालकाला फोन लावला. मालक झोपेतून उठून म्हणाले, ‘‘चलने दो, मगर बोरियों को मूँ नै लगाना.’’ पहाटे घोडीनं लीद टाकली. चाचांनी कपाळाला हात लावून देवाचे आभार मानले आणि लगेच मला विचारलं, पुढच्या वरातीला नेऊ का. मी नाही म्हटलं. त्यांनी त्या वरातीचा पैसा सोडला, आणि त्यांच्यासाठी तो लहान पैसा नव्हता.

त्याच सकाळी मी जियागुड्याला गेले. ट्रकमधून भिजत आलेल्या मेंढ्यांचा प्रवास मला रानातल्या पावसापेक्षा वाईट वाटतो. गाडीच्या वेगाचा वारा रात्रभर थांबत नाही, आणि पुढच्या फळीशी, कडेला उभ्या असलेल्या मेंढ्या तो सगळा खातात. मंडीतल्या माणसांना मी एवढंच सांगते: उतरवल्यावर लगेच पाणी पाजू नका, आधी कोरड्या जागी चारा टाका, आणि कडेच्या मेंढ्या वेगळ्या काढून पुसा. काही व्यापारी ऐकतात. पण वादळाचं दुखणं त्या दिवसापुरतं नसतं. ईशान्य मोसमी पावसाच्या हंगामात आपल्याकडं निळ्या जिभेचा आजार जोर धरतो, कारण तो पसरवणारी चिलटं ओलसर जागी वाढतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी तोंड सुजलेल्या, लंगडणाऱ्या मेंढ्या यायला लागतात. खुरांच्या बेचक्यात चिखल राहिला की खुरं सडतात. घोड्यांच्या तळपायात काळा, घाण वासाचा चोथा होतो. नालबंद नाल काढतो तेव्हा तो दिसतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपर्यंत हे काहीच पोचत नाही.

पारनेरकडच्या त्या वाड्याशी माझा संबंध अजून आहे. २०२१ च्या त्या पावसानंतर पंचनामे झाले. फिरत्या मेंढपाळाचं गाव एका तालुक्यात, मेंढरं मेली दुसऱ्याच तालुक्यात, म्हणून कागद जुळवण्यातच कित्येक दिवस गेले. तोवर मेलेली जनावरं राखून ठेवता येत नाहीत, त्यामुळं आम्ही प्रत्येक मेंढीचा कान आणि तोंड दिसेल असा फोटो काढत होतो. केंद्राच्या मदतीच्या निकषांत तेव्हा एका मेंढीमागं ३,००० रुपये धरलेले होते. २०२२ पासूनच्या निकषांत ते ४,००० झाले, तेही एका कुटुंबाच्या ३० लहान जनावरांपर्यंत. गाभण मेंढी बाजारात घ्यायला याच्या दुपटीतिपटीनं पैसे लागतात. पोटातल्या कोकराची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. हे पैसे वाढायला हवेत, असं मला वाटतं. आणि त्याहून आधी हवं ते असं की हिवाळ्यात अवकाळीचा इशारा आला की रात्रीपुरत्या बाजार आवारांच्या, शाळांच्या, कारखान्यांच्या रिकाम्या शेड मेंढरांसाठी उघडायचा अधिकार गावातल्याच कुणाकडं तरी असावा. यासाठी नवीन बांधकाम लागत नाही; चावी कुणाकडं आहे आणि ती द्यायला त्याला कुणाला विचारावं लागतं, एवढंच आधी ठरवावं लागतं.

आबांच्या मुलानं त्या रात्रीनंतर एक विचार केला. त्यांच्या कळपात बऱ्याच वर्षांपासून माडग्याळचा मेंढा होता. जत तालुक्यातली ही जात उंच, भारदस्त, अंगावर लोकर जवळपास नाही. कोकरं लवकर वजन धरतात आणि जियागुड्यासारख्या मंडीत चांगला भाव आणतात. दख्खनी मेंढी तिच्यापुढं ठेंगणी दिसते, तिच्या राठ लोकरीला आज कातरणाऱ्याच्या मजुरीएवढाही पैसा येत नाही. म्हणून कळपांतून लोकर हळूहळू निघून गेली. रानात त्या रात्री कोणत्या मेंढ्या आधी पडल्या, हे त्यानं बारकाईनं पाहिलं होतं: नुकत्या कातरलेल्या, आणि मुळात लोकरच नसलेल्या. आता तो दोन मेंढे ठेवतो. माडग्याळची कोकरं विकायला, आणि वाड्यात राहणाऱ्या माद्या दख्खनी मेंढ्याच्या. कातरणही तो हवेचा अंदाज बघून पुढंमागं करतो. यात त्याचं उत्पन्न थोडं कमी होतं, हे त्यानं मला हिशेब मांडून दाखवलं.

हवामान खात्याचा इशारा आला की मी त्याला फोन करते. सुरुवातीला मी सांगायचे की अमुक जिल्ह्यात इतका इतका पाऊस आहे. तो मध्येच थांबवून विचारायचा, ‘‘ते राहू द्या ताई, वारं कुठनं हाय?’’ पाऊस किती याचा त्याला उपयोग नसतो. वारा पूर्वेकडून असेल तर तळ बांधाच्या पश्चिमेला टाकायचा, उतारावर की खळग्यात, कुठल्या गावच्या कुठल्या माणसाकडं गोदाम आहे, तट्टांना कुठल्या बाजूला मोकळं सोडायचं, हे सगळं त्या एका दिशेवर ठरतं. मी आता वाऱ्याची दिशा आणि वेग आधी सांगते, पाऊस नंतर. मग तो विचारतो, बारदानाचा गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकलाय का. भाऊ दर कार्तिकात तो टाकतो, भाडं आमचं.